पान पुरतं होऊ दे

आमच्या आतोबांसमोर आजवर जेवढं अन्न गार झालं आहे, तेवढं ग्वाल्हेरातल्या कुठल्या घरात शिजलंसुद्धा नसेल. पूर्वी हे मी चिडून म्हणायचो, आता नुसतं म्हणतो. आतोबा म्हणजे माझ्या एकुलत्या एका आत्याचे यजमान. सिंचाई विभागात ओव्हरसियर होते, रिटायर होऊन जमाना झाला, पण समोर काहीही आलं की ते नजरेनं मोजून घ्यायची सवय गेलेली नाही. त्यांचे पणजोबा दक्खनेतून इकडे आले ते दरबारच्या मुदपाकखान्यावर देखरेख करायला. बाकीच्यांच्या पणजोबांच्या वाट्याला तलवारी आल्या, जहागिऱ्या आल्या. आमच्या आतोबांच्या पणजोबांच्या वाट्याला पंगत आली. तलवारी गेल्या, जहागिऱ्या गेल्या, पंगत मात्र या घराण्याच्या अंगातून काही उतरली नाही. मी लहानपणापासून सुट्टीत त्यांच्याकडे असायचो, म्हणून सांगतो, भूक म्हणजे काय ते मला उपासाच्या दिवशी नाही कळलं, आतोबांच्या घरी भरल्या पानासमोर बसून कळलं.

नियम एकच. पान पुरतं वाढून झाल्याशिवाय कुणीही, म्हणजे कुणीही, घासाला हात लावायचा नाही. वर मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ असली तर उसळ. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. पोळी घडी करून. वाटीत गोड असलं तर तेही आधीच. ‘गोड मागाहून घेतो’ असं म्हणणाऱ्या माणसाकडे आतोबा असे बघतात की त्याला आपण काहीतरी चोरलं असावं असं वाटू लागतं. सगळ्यांची पानं भरली, पाण्याचे पेले भरले, पातेली हाताशी येऊन बसली, आत्यासुद्धा पदर सावरत पाटावर बसली, की आतोबा एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवणार. बंधारा पाहायला आलेला साहेब फिरवतो तशी. कुणाच्या पानात चटणी राहिली असली तर तिथं नजर थांबणार. मग चटणी येणार. मग पुन्हा पहिल्यापासून नजर. आणि मग, वरणावरचं तूप थिजून पांढरं झाल्यावर, ते म्हणणार, “हं. करा सुरू.” या दोन शब्दांची वाट मी जितकी पाहिली आहे, तितकी नोकरीच्या ऑर्डरचीसुद्धा पाहिली नाही.

हे घरापुरतं असतं तरी चाललं असतं. पण आतोबा जिथं जातील तिथं पंगत बरोबर घेऊन जातात. माझ्या लग्नात शेवटच्या ओळीला लोणचं पोचलं नाही म्हणून त्यांनी अख्खा हॉल थांबवला. पडाव भागातला केटरर हात जोडून सांगतोय, “बाबूजी, आप शुरू कीजिए, अचार आ रहा है,” आणि आतोबा शांतपणे, “आने दीजिए, हम भी यहीं हैं.” माझे सासरे वधूपिता, त्यांचं बीपी असं वर गेलं की त्यांना जेवणाआधी गोळी द्यावी लागली. एकदा आगगाडीनं पुण्याला निघालो होतो. झाशीला आत्यानं डबा उघडला, तर चटणीची डबी वळकटीच्या तळाशी गेलेली. वरच्या बर्थवरचा माणूस त्या वळकटीवर डोकं ठेवून झोपलेला. त्याला उठवणं बरं नव्हे, आणि चटणीशिवाय पान पुरतं नव्हे. तो उठला भोपाळला. आम्ही जेवलो भोपाळनंतर. बफे नावाचा प्रकार निघाला तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. छे! सिटी सेंटरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये आतोबांनी आम्हा सगळ्यांना भरल्या प्लेटी घेऊन गोलात उभं केलं आणि माझी बायको डोशाच्या लायनीतून परत येईपर्यंत एकालाही चमचा उचलू दिला नाही. लोकांना वाटलं, कुणासाठी तरी मौन पाळतायत.

आता मुक्ताबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिच्यावरून झाली. मुक्ता म्हणजे आतोबांची मुलगी, माझी आतेबहीण. चांगली बँकेत नोकरी होती. एक दिवस उठली, राजीनामा दिला आणि पुद्दुचेरीला एका फ्रेंच बाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकायला गेली. परत आली ती ‘मी इथेच रेस्टॉरंट काढते, फ्रेंच’ असं म्हणत. ग्वाल्हेरात! जिथं सकाळी कचोरी, संध्याकाळी कचोरी, आणि मध्ये भूक लागली तर बेडई. पण पोरीनं काढलं. सिटी सेंटरच्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. मोजकी टेबलं, निळ्या खिडक्या, फळ्यावर खडूनं लिहिलेला मेन्यू. दुपारी ठरलेलं जेवण: आधी सूप, मग भाजी आणि बटाट्याचं काहीतरी, मग गोड, आणि दर असा की आसपासच्या ऑफिसांतले बाबू टिफिन घरी विसरले तरी बायकोला फोन करत नाहीत. नाव फ्रेंच आहे, मला धड म्हणता येत नाही. ऑटोवाले त्याला ‘मैडम का फ्रांस’ म्हणतात.

आतोबा तिथं गेले नाहीत. उद्घाटनाला खालच्या पायरीपर्यंत गेले, वर चाललेली मुक्ताची धावपळ बघितली, आणि परत फिरले. म्हणाले, “हे काम बरोबर नाही.” का बरोबर नाही, ते विचारलं तर गप्प. आम्ही आपापल्या परीनं समजून घेतलं: कुणी म्हणालं हॉटेलचा धंदा नको असेल, कुणी म्हणालं बँक सोडली तो राग, मी म्हणालो फ्रान्स नको असेल. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. दोघंही आत्याच्या तोंडून बोलायचे, एकाच घरात, एकाच खोलीत बसून. आत्या वैतागून म्हणायची, “मी काय टेलिफोन आहे का रे?” शेवटी मुक्तानं मला गाठलं. आमच्या घरात कुणाचं कुणाशी फाटलं की टाके घालायचं काम माझ्याकडे, आणि टाके घालताना सुया टोचतात त्याही मलाच. म्हणाली, “दादा, एक बार बाबांना घेऊन ये. बस, एकदा. जेवून गेले तर ठीक आहे. आणि न जेवता उठले ना, तर मी परत बोलावणार नाही. कधीच नाही. वेगळं घर घेऊन टाकीन. सच में.” मुक्ता सच में म्हणाली की ते सच में असतं. ती बापावर गेली आहे.

आतोबांना कबूल करायला मला किती दिवस लागले ते विचारू नका. शेवटी आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते या नंदूबरोबर.” तेव्हा कुठे त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला. लष्कर भागातल्या घरून ऑटोनं निघालो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त खड्डा आला की ऑटोवाल्याला “आराम से, भैया.” मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कारण मुक्तानं बजावलं होतं, दादा, भूक घेऊन ये. जिन्यापाशी आत्या माझ्या कानात म्हणाली, “देवा, आज तेवढं सुरळीत होऊ दे रे.” तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता की मी काय करून बसलोय. तो पडला वर गेल्यावर, टेबलापाशी बसल्यावर, फळ्यावरचा मेन्यू वाचताना. आधी सूप. मग भाजी. मग गोड. एकामागून एक! एक संपलं की दुसरं! अरे देवा. मी आतोबांना अशा ठिकाणी आणलं होतं जिथं पान कधी पुरतं होतच नाही.

वाढायला तोमरजी होते. चंबळकडच्या भरघोस मिशा, वर काळा एप्रन, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला, “नमस्ते, बोंजूर.” त्यांनी अदबीनं तीन बाऊल आणून ठेवले. कांद्याचं सूप, वर पावाचा तुकडा, त्यावर वितळलेलं चीज. वास असा की माझ्या तोंडाला पाणी सुटून ते गिळावं लागलं. टेबल चौघांचं, एक खुर्ची रिकामी. आतोबांनी बाऊलकडे पाहिलं, बाऊलच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे टेबलाचं लाकूड. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं, आणि दोघांचंही धाबं दणाणलं.

“आतोबा,” मी म्हणालो, “इथं नं, आधी सूप घ्यायचं असतं. मग पुढचं येतं.”

“येऊ दे.”

“तसं नाही. हे संपल्यावर येतं.”

“पान पुरतं होऊ दे,” आतोबा म्हणाले, अगदी शांतपणे, आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मुक्ता आत भट्टीसमोर, केस रुमालात बांधलेले, कपाळावर घाम. तिनं न बघताच विचारलं, “सूप झालं?” मी म्हणालो, “मुक्ता, तुला माहीत आहे ना बाबांचं. सगळं एकदम आण ना ताटात. काय बिघडतंय?” तिचा हात थांबला. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ उमटली. ही रेघ मी ओळखतो, ती घरात आणखी एका कपाळावर आहे. “दादा, सूप परत आल्याशिवाय इथून पुढची प्लेट निघत नाही. कुणासाठी नाही. कलेक्टर आला तरी नाही. सगळं एकदम टाकलं तर बटाटे गार होणार, टार्ट मऊ पडणार. मी काय ढाबा चालवून राहिले? घरात त्यांचा कायदा, इथे माझा. त्यांना सांग, एक चमचा घ्या. फक्त एक. मी लगेच पुढचं पाठवते.” मी बाहेर येऊन आतोबांना सांगितलं. ते म्हणाले, “तिला सांग, मी थांबलोय.” मी पुन्हा आत. “म्हणतात, थांबलोय.” मुक्ता म्हणाली, “मी पण थांबलेय.” आता काय करावं माणसानं? सूप संपत नाही म्हणून पुढचं येत नाही, आणि पुढचं येत नाही म्हणून सूप संपत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये मी, उपाशी.

चीज आखडायला लागलं होतं. शेजारच्या टेबलावर कुठल्याशा ऑफिसातली माणसं बसली होती; त्यांचं सूप झालं, बटाटे झाले, ती आता गोडावर आली होती आणि चोरून आमच्याकडे बघत होती. तीन माणसं, तीन भरलेले बाऊल, आणि कुणी हलत नाही. आत्यानं एकदा चमचा नुसता सरळ करायच्या निमित्तानं उचलला; आतोबांनी मान वळवली; आत्यानं तो सरळ करून ठेवला. मला एक शक्कल सुचली. आतोबा खिडकीबाहेर बघतायत, तेवढ्यात त्यांचा बाऊल इकडे ओढावा, दोन घोटांत रिकामा करावा आणि तोमरजींच्या हाती द्यावा. बाऊल परत गेला, मुक्ता खूश, पुढचं आलं, आतोबा खूश. मी बाऊलला हात लावला मात्र, आतोबा खिडकीबाहेर बघतबघतच म्हणाले, “नंदू, दुसऱ्याच्या पानातलं उचलायला तुला तुझ्या बापानं शिकवलं का?” मी हात मागे घेतला. आत्या तशातही खुदकन हसली. मला हसावं की रडावं कळेना.

आणि मग तोमरजींनी घोटाळा केला. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. त्यांना वाटलं, बाबूजींना सूप आवडलेलं दिसत नाही, उगाच समोर कशाला. ते आले, “साहब, ये हटा दूँ?” म्हणत त्यांनी आतोबांचा भरलेला बाऊल उचलला आणि चालू लागले. आतोबांनी हात पुढे केला, “अहो, वाढलेलं पान...” पण तोमरजींना मराठी येत नाही. ते गेले. मी उठून त्यांच्यामागे धावणार, तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीत मुक्ताचा चेहरा दिसला. तिनं भरलेला बाऊल परत येताना पाहिला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी निभावलं असतं.

ती बाहेर आली. एप्रनला हात पुसत, सरळ आमच्या टेबलापाशी. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बापाशी थेट बोलत होती. “बाबा, नसेल जेवायचं तर नका जेवू. पण बाऊल परत पाठवू नका. माझ्या लोकांसमोर नको.”

“मी कुठे पाठवला?” आतोबा म्हणाले. “मी उठलोय का?”

“मग जेवत का नाही?”

“पान पुरतं होऊ दे.”

मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. आता ही आत जाणार, उद्या सामान बांधणार, आणि आत्या माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडणार. ती वळली. आत गेली. आतून भांड्यांचे आवाज आले, भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. आत्यानं टेबलाखाली माझा हात धरला. आतोबा दाराकडे बघत होते. पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांचाही अंगठा मांडीवर सारखा हलतोय.

मग मुक्ता मोठा ट्रे घेऊन बाहेर आली, मागे तोमरजी दुसरा ट्रे घेऊन. तिनं कायदा मोडला होता. स्वतःचा. तिनं आतोबांसमोर मोठी पांढरी प्लेट ठेवली. वर मध्यभागी चिमूटभर मीठ. डावीकडे लिंबाची फोड, मोहरीची चटणी, काकडीचं सॅलड. उजवीकडे वांगी-टोमॅटोची ती फ्रेंच भाजी. मध्ये दूध-सायीत भाजलेले बटाटे. पाव घडी करून. पावाची घडी होत नाही, तरी तिनं तसा कापून ठेवला. पुन्हा गरम केलेलं सूप. वाटीत सफरचंदाचा टार्ट. मग आत्याचं पान. मग माझं. ती फुरफुरत वाढत होती, डोळे लाल, पण हात एकदाही चुकला नाही, बाजू चुकली नाही. पाण्याचे पेले भरले. भरलेली भांडी टेबलावर हाताशी आणून ठेवली. आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

आतोबांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. मीठ आहे. लिंबू आहे. चटणी आहे. माझी भूक आता ओठांवर येऊन बसली होती. म्हणा, मी मनात म्हणत होतो, म्हणा एकदाचं, करा सुरू म्हणा.

आतोबांचे हात मांडीवरच.

“आता काय राहिलं?” मुक्ता म्हणाली. तिचा आवाज फाटला. “बाबा, आता काय राहिलंय?”

आतोबांनी रिकाम्या खुर्चीसमोरच्या लाकडावर बोट ठेवलं. “इथलं पान.”

“इथे कोण आहे?”

“तू.”

मुक्तानं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, “मी मागाहून जेवते, बाबा. आत्ता गर्दीची वेळ आहे, मला कसं...”

“मागाहून म्हणजे कधी?”

उत्तर दिलं ते मागे ट्रे घेऊन उभ्या असलेल्या तोमरजींनी. शब्द कळले नसतील, पण रिकाम्या टेबलावरचं बोट कळलं असावं. “मैडम बैठती कहाँ हैं, साहब. खड़े-खड़े दो कौर खा लेती हैं. किसी दिन वो भी नहीं.”

“हेच,” आतोबा म्हणाले. “हेच मी म्हणत होतो, हे काम बरोबर नाही.” मग त्यांनी प्लेटीकडे बघतच सांगितलं, आम्हा कुणालाच नाही, नुसतं सांगितलं. “माझी आई सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसायची. आम्ही हात धुऊन उठून जायचो. तिच्यासाठी काय उरायचं, उरायचं की नाही, कुणी वळून बघितलं नाही. मीही नाही. ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगात काही नव्हतंच. घरात रोज पंगत उठत होती, आणि तिच्या अंगात काही नव्हतं. मग मी ठरवलं, माझ्या घरी सगळं आधी वाढायचं. वरचं, खालचं, गोड, ताक, सगळं. भांडी हाताशी ठेवायची. म्हणजे वाढणाऱ्या माणसाला उठायचं काम उरत नाही. ते बसतं. ते बसलं की सुरू.” त्यांनी मान वर केली. “आणि तू नेमका असा धंदा काढलास की ज्यात तुला बसताच येत नाही. मी कसा जेवू?”

आत्या रडत होती. इतकी वर्षं ती त्यांच्या शेजारच्या पाटावर बसून जेवली, आणि तिलाही हे आजच कळत होतं. मी तर काय सांगू! तो थिजलेला वरणभात, ती भोपाळपर्यंतची भूक, सगळ्या नातेवाइकांत उडवलेली टिंगल, सगळं एकदम आठवलं. माझ्या डोळ्यांसमोर आत्या उभी राहिली, पदर सावरत पाटावर बसणारी. ते नजर फिरवत यायचे ते चटणीसाठी असं आम्हाला वाटायचं. त्यांची नजर शेवटी कायम तिच्यावर येऊन थांबायची, आणि मगच ते तोंड उघडायचे.

मुक्तानं रुमाल काढला. खुर्ची ओढली. तोमरजींनी न सांगता चौथी प्लेट आणली. तीत मीठ नव्हतं, आतोबांनी आपल्यातलं थोडं बोटांनी उचलून तिच्या प्लेटीत वर मध्यभागी ठेवलं. पुन्हा नजर फिरली. मुक्तावर येऊन थांबली.

“हं. करा सुरू.”

सूप काय होतं म्हणून सांगू! आत्या म्हणाली, “अगं, हे कांद्याचं पिठलंच की, फक्त पीठ विसरली.” मुक्ता हसली, नाक पुसत हसली. आतोबा काही बोलले नाहीत. बटाटे मात्र त्यांनी दोनदा घेतले, आणि ते त्यांचं बोलणं. पण सुख फार वेळ टिकू नये असा नियमच असतो. मुक्ताचे जेमतेम चार घास झाले असतील, जिन्यावर पावलं वाजली, बँकेतली मोठी टोळी वर आली. मुक्तानं दाराकडे पाहिलं, मग बापाकडे. लहानपणी पंगतीतून उठायची परवानगी मागायची तशी. आतोबांनी मान हलवली. “जा. तुझी माणसं उपाशी आहेत.” ती उठली. आम्ही आमचं जेवण संपवलं, पण आतोबांनी नंतर फार खाल्लं नाही. तिच्या अर्ध्या प्लेटीवर त्यांनी दुसरी प्लेट पालथी घातली, आणि निघताना तोमरजींना बजावून सांगितलं, ही उचलायची नाही. या वेळी हिंदीत सांगितलं.

मुक्तानं वेगळं घर घेतलं नाही. आता बापलेक आत्याला मध्ये न घालता भांडतात. आतोबा घरी नेहमीच्या वेळेला जेवतात, वामकुक्षी घेतात, आणि मग दुपार कलली, रेस्टॉरंटमधली गर्दी ओसरली की इस्त्रीचा सदरा घालून निघतात. रोज. हल्ली त्यांचे गुडघे धरतात. पहिल्या मजल्याचा तो जिना त्यांना दोनदा थांबून चढावा लागतो, आणि कुणी हात दिला तर खपत नाही. वर जाऊन ते त्या चौघांच्या टेबलापाशी बसतात. खात काही नाहीत. मुक्ता समोर बसून जेवते, ते पाणी पितात. फार बोलणंही नसतं. तिचा फोन वाजला तर ते त्याच्याकडे फक्त बघतात, आणि तो आपोआप वाजायचा थांबतो.

परवा मी असाच गेलो होतो. आतोबा हात धुवायला आत गेले होते. मुक्ताच्या समोर सूप तसंच होतं, वाफ निघून गेलेली. मी म्हणालो, “अगं, गार झालं की. जेव ना पटपट.”

“दादा,” ती हळूच म्हणाली, “बाबा नसतील ना, तेव्हा मी परत उभ्यानंच खाणार. मला माहीत आहे.”

आतोबा येऊन समोर बसले. मुक्तानं चमचा उचलला. हल्ली ती मुद्दाम सावकाश जेवते.